ओपेथचा 'हेरिटेज': ग्राउल नाही म्हणून शिव्या घालायच्या का?

२०११ ला स्वीडिश मेटल बँड ओपेथचा हा अल्बम आला आणि त्यांच्या फॅन्समध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या, अर्ध्यांचं म्हणणं गायक मिकाएल ओकरफेल्टने ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) सोडला म्हणजे बँड संपला, आणि बाकीचे म्हणे हेच खरं म्युझिक, तुम्हाला कळत नाही. अरे पण २००३ चा 'डॅमनेशन' अख्खा क्लीन व्होकल्सचाच (म्हणजे साध्या आवाजातला) होता की, तेव्हा कुठे होतात?

खरा फरक मला गिटारच्या टोनमध्ये वाटतो. डिस्टॉर्शन एकदम कमी, ड्रम्स कोरडे, सत्तरच्या दशकातल्या प्रॉगसारखे (प्रोग्रेसिव्ह रॉक), मिक्सिंग स्टीव्हन विल्सनचं त्यामुळे हेडफोनवर प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. 'फॅमिन' मधली बासरी तर निव्वळ कमाल, अंगावर काटा येतो. पण खरं सांगायचं तर काही गाणी तुकडे जोडल्यासारखी वाटतात, मूड जमतोय म्हणेपर्यंत पुढचा तुकडा सुरू. 'स्लिदर' ठीकठाक, मेटल गायक रॉनी जेम्स डिओला ट्रिब्यूट म्हणून चालून जातं.

कव्हर मात्र नीट बघा, झाडाला मेंबर्सची डोकी लागलीयेत आणि बँड सोडून गेलेल्या कीबोर्डवाल्याचं खाली पडतंय 😄

फक्त हेवी हवं असेल तर २०२४ चा अल्बम ऐका, त्यात ग्राउल परत आलाय. माझ्याकडून याला साडेतीन स्टार.