क्वार्टर स्केल टायगर मॉथ: पावसाळ्यात बांधला, हिवाळाभर उडवला

खरा टायगर मॉथ, म्हणजे वर-खाली दोन पंखांचं जुनं ब्रिटिश प्रशिक्षण विमान, 1931 साली पहिल्यांदा उडाला. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत 8.94 मीटर, म्हणजे पाव आकाराला सव्वादोन मीटर. माझं रेडिओने उडणारं मॉडेल 30 सीसी पेट्रोल इंजिनासह सात किलोच्या आसपास भरतं. 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाला 25 किलोपर्यंत मुभा आहे, त्यामुळे वजनाचं अडत नाही. जागा मात्र सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर हिरव्या भागात आहे ना, ते बघून घ्या.

बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि प्लायची बांधणी कुणालाही जमेल. लेझरने कापलेले तुकडे विमानाच्या आराखड्यावर ठेवायचे आणि चिकटवायचे. पावसाळी हवेत बाल्सा ओल धरतो, म्हणून पंख सपाट फळीला जखडूनच वाळवले. इस्त्रीने चिकटणारं कापड प्लास्टिक फिल्मपेक्षा महाग पडलं, पण या विमानावर चकचकीत फिल्म बघवत नाही. पाऊस सरल्यावर कापड जरा सैलावलं, पुन्हा इस्त्री फिरवली.

खरी कसोटी रिगिंगची, म्हणजे पंख तारांनी ताणून बसवण्याची. दोन्ही बाजूंचे मिळून चार पंख, मधले स्ट्रट (उभे दांडे) आणि तारा. हवेत पंख वर दुमडू न देणाऱ्या तारा वेगळ्या, उतरताना खाली झुकू न देणाऱ्या वेगळ्या. तारा ताणायचे टर्नबकल तंबोऱ्यासारखे पिळत बसलात तर पंखालाच पीळ बसतो आणि विमान एका बाजूला कलत राहतं. तार फक्त ढिली नसावी, एवढंच. तारा ताणायच्या प्रत्येक फेरीनंतर चारही पंखांचा कोन डिजिटल गेजने मोजा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाचा फरकही हवेत कळतो.

सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, टाकी रिकामी असताना बघायचा. एवढं धूड बोटांवर तोलता येत नाही, मी वरच्या पंखाच्या मध्यभागी दोरी बांधून टांगतो. नाक आखूड, त्यामुळे शिसं घालावंच लागलं. जीव हळहळतो, पण इलाज नाही.

एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) फक्त खालच्या पंखांना, खऱ्यासारखेच. खाली जाणारा एलेरॉन नाक वळणाच्या उलट्या दिशेला ओढतो. म्हणून ट्रान्समीटरमध्ये डिफरन्शियल द्या: वर भरपूर, खाली जेमतेम. तरीही वळताना रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, लागतोच. नुसत्या एलेरॉनवर उडवायची सवय असणाऱ्यांना हे विमान आवडणार नाही. उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नका. दुहेरी पंख आणि एवढ्या तारांचा अडथळा असतो, वेग झटकन मरतो. गवतावर शेपटीची पट्टी छान धरते, डांबरावर घसरते.

मैदानावर जुळवाजुळवीत सकाळची शांत हवा निघून जाते, ही एकच खरी तक्रार. यावर उपाय सापडला: एका बाजूचे वरचे-खालचे पंख स्ट्रट आणि तारांसकट जोडलेलेच ठेवायचे. मीटरभर लांबीचा तो संच हॅचबॅकच्या मागच्या सीटवर मावतो. मग मैदानात फक्त मुळाकडचे बोल्ट आणि धडाकडच्या तारांच्या पिना. सुट्या पिना मात्र खिशात भरपूर ठेवा, गवतात पडलेली सापडत नाही.