फ्रांको बात्तिआतोचा ‘ला व्होचे देल पाद्रोने’: काही महिने ऐकल्यानंतर

काही महिने हा अल्बम जवळजवळ रोज ऐकतोय, म्हणून सविस्तर लिहितो. १९८१चा अल्बम, गाणी सातच, अर्ध्या तासात संपतात. दहा लाखांवर प्रती खपलेला हा पहिला इटालियन अल्बम मानला जातो. गायक मात्र मुळात प्रयोगवाला. सिसिलीचा हा माणूस सत्तरच्या दशकात सिंथेसायझरवर अवघड, अमूर्त संगीत करत होता, आणि त्याच दशकाच्या शेवटी त्याला प्रायोगिक संगीताचा जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन याच्या नावाचा पुरस्कारही मिळाला. तोच लगेच अख्ख्या देशाच्या तोंडी बसणारी गाणी देतो, तीही डोकं बाजूला न ठेवता. मला या अल्बमचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे.

इटालियन येत नसेल तरी अडत नाही. चाली लगेच पकड घेतात. फोनच्या स्पीकरवर नुसता ठेका ऐकू येतो. चांगले हेडफोन लावले की मागची व्हायोलिनं आणि कोरस सुटे सुटे कळतात. संगीत-संयोजनात व्हायोलिनवादक जुस्तो पिओ बरोबरीने होता, ते तेव्हा जाणवतं.

शब्दांचा अर्थ मात्र नंतर जरूर बघा. ‘बांदिएरा बियांका’च्या ध्रुपदात पुलावर पांढरं निशाण फडकतंय. ती ओळ आहे इटालियन कवी फुसिनातोच्या कवितेतली: १८४९मध्ये ऑस्ट्रियाच्या वेढ्यात उपासमार आणि रोगराईने खचलेलं व्हेनिस शरण जातं, त्यावरची. हे कळल्यापासून त्या उडत्या ठेक्यावर अंगावर काटा येतो. ‘चेंत्रो दी ग्राविता पेर्मानेंते’ सगळ्यात गाजलेलं. त्यात तांदळाच्या कागदाची छत्री घेतलेली म्हातारी आहे, चीनच्या मिंग दरबारातले जेझुइट (ख्रिस्ती धर्मगुरू) आहेत, आणि मधेच गूढवादी गुरू गुर्जिएफच्या शिकवणीतला तो ढळणार नाही असा आतला तोल मागितलाय. शेवटच्या प्रेमगीतात तर चक्क तांत्रिक शैव पंथ येतो. आपले कान टवकारतातच.

माझं सर्वात आवडतं तिसरं, ‘ल्यी उच्चेल्ली’. पक्षी उडतात ते विश्वाच्या या भागाला नेमून दिलेल्या नियमांनी, एवढंच म्हणणं, पण तंतुवाद्यांवर ते काय उंच जातं!

‘कुक्कुरुकुकू’ तेवढं लवकर जुनं झालं. जुन्या इंग्रजी गाण्यांची नावं एकामागून एक येतात, ती गंमत पुन्हापुन्हा टिकत नाही. हल्ली मी ते गाणं सोडून पुढे जातो.

आवडला तर याच्या आधीचे, १९७२चे ‘फेटस’ आणि ‘पोल्युशन’ घ्या, पण त्यांनी सुरुवात करू नका.