निव्वळ मिथेनॉल की निम्मे पाणी?

टर्बो गाडीला मिथेनॉल इंजेक्शन (इंजिनात जाणाऱ्या हवेत मिथेनॉल फवारून ती थंड करण्याची सोय) बसवायचे ठरले, पंप आणि नोझलही घरी आले, की टाकीत नेमके काय भरायचे हा प्रश्न उरतो. ठाण्यातील माझ्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियात मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. पहिले वर्षभर निव्वळ मिथेनॉल होते आणि त्यानंतर आजतागायत निम्मे पाणी व निम्मे मिथेनॉल आहे. ताकद किती वाढते यावर पुष्कळ बोलले जाते, म्हणून येथे मी हवा-इंधन प्रमाणाच्या अंगानेच लिहितो; माझा निर्णयही त्यावरच झाला.

निव्वळ मिथेनॉल हे मुळात इंधन आहे. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर मिथेनॉलला सुमारे ६.४ पट पुरते. त्यामुळे पेट्रोलच्या एक-पंचमांश आकारमानाचे मिथेनॉल फवारले, तर मिश्रण साधारण ९ टक्क्यांनी रिच होते (म्हणजे हवेच्या मानाने इंधन वाढते) आणि ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची जुळणी करणारा, तेवढे पेट्रोल मॅपमधून (त्या संगणकातील तक्त्यातून) काढून घेतो. ज्यांचे पेट्रोलचे इंजेक्टर आधीच मर्यादेला टेकले आहेत, त्यांना ही सवड फार मोलाची वाटेल. एप्रिलच्या उन्हात घोडबंदर रस्त्यावरील कोंडीतून सुटल्यावर माझी गाडी निव्वळ मिथेनॉलवर अधिक मोकळी पळत असे, हे मी आजही नाकारणार नाही.

निम्म्या मिश्रणात त्याच नोझलमधून त्याच्या अर्धेच मिथेनॉल जाते, म्हणून मिश्रण जेमतेम ५ टक्क्यांनी रिच होते. उरलेले काम पाणी करते. वाफ होताना ते वजनाच्या मानाने मिथेनॉलच्या सुमारे दुप्पट उष्णता शोषते, आणि नॉक (सिलिंडरमधील मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट) थोपवायला तेवढे बहुधा पुरेसे ठरते. मात्र पाण्याचा अतिरेक झाला आणि ठिणगी कमजोर असली तर इंजिन अडखळते, त्यामुळे नोझल मोठे घेण्याचा मोह येथे टाळावा.

दोन्ही प्रकारांत हवा-इंधन प्रमाण दाखवणाऱ्या काट्यावरील आकड्याने फसू नये. वाइडबँड (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर) मोजतो तो लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचे प्रमाण; काटा त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, मग टाकीत काहीही असो. आपले ई-२० (२० टक्के इथेनॉलचे) पेट्रोल स्वतःच सुमारे १३.५ चे असल्याने ‘११.५’ हा आकडा म्हणजे केवळ ०.७८ लॅम्डाचे टोपणनाव ठरते. ट्यूनरशी लॅम्डाच्याच भाषेत बोललेले बरे.

आता निव्वळ मिथेनॉलच्या काळातील ज्या एका त्रासाने माझा कौल फिरला, त्याकडे येतो. माझी पाच लिटरची टाकी डिकीत होती आणि पंपाची नळी तिच्या पुढच्या कडेला. एका सकाळी खंडाळ्याचा घाट चढताना, टाकी निम्मी भरलेली असूनही, द्रव मागे सरकला आणि पंपाने हवा ओढली. पातळी दाखवणारा फ्लोट मागच्या बाजूला असल्याने इशाऱ्याचा दिवा शांतच राहिला. काटा ११.५ वरून १२.५ च्या पुढे सरकला, नॉक सेन्सरने ठिणगीचे टायमिंग मागे ओढले आणि गाडी क्षणभर मलूल झाली. इंजिन वाचले, पण लोणावळ्यापर्यंत माझे लक्ष रस्त्यापेक्षा त्या काट्यावरच अधिक होते. टाकी चुकीची बसवली ही चूक सर्वस्वी माझीच. तरीही तुंबलेले नोझल, सैल झालेली वायर किंवा विसरलेली भरणी यांतून हाच प्रसंग पुन्हा उद्भवू शकतो, कारण पेट्रोल आधीच काढून घेतलेले असते.

प्रवाह मोजून बूस्ट (टर्बोचा दाब) कापणारी सुरक्षा-यंत्रणा बसवता येते, हे खरे. १९६२ च्या ओल्ड्समोबील जेटफायर या अमेरिकी टर्बो गाडीतही पाणी-मिथेनॉल संपले की बूस्ट रोखण्याची सोय होती, आणि मालक मंडळी ते भरायलाच विसरत असत. यंत्रणा सुधारल्या, विसरभोळेपणा मात्र तसाच आहे. निदान माझा तरी.

म्हणून निम्म्या मिश्रणावर आल्यावर मी पेट्रोलचा मॅप जसाच्या तसा ठेवला. फवारा सुरू असताना काटा ११ च्या आसपास असतो आणि थांबला की मूळच्या ११.५ वर परततो, म्हणजे चूक होते तीही सुरक्षित बाजूला. टायमिंग थोडेसेच पुढे घेतले असल्याने फवारा बंद पडला तर ते नॉक सेन्सरला सावरता येते. थोडी ताकद सोडावी लागली, पण मला तिची उणीव फारशी जाणवली नाही. केवळ ट्रॅकवर धावणाऱ्या आणि दर फेरीनंतर टाकी तपासली जाणाऱ्या गाडीचा मालक वेगळे ठरवील, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

साठवणुकीचा मुद्दाही निम्म्या मिश्रणाच्याच बाजूने जातो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूतील मिथेनॉलनेच दगावली. हे विष परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि सोसायटीच्या बाल्कनीत त्याचा डबा ठेवू नये. भर दुपारी त्याची ज्योत डोळ्यांना दिसतही नाही. पाण्यामुळे हा धोका कमी होतो, संपत नाही. पाणी डिस्टिल्डच घ्यावे, नळाच्या पाण्यातील क्षार नोझलमध्ये बसतात.

टाकी आता मी फिरवून बसवली आहे. मागच्या महिन्यात त्याच घाटात ती खरोखरच रिकामी झाली, तेव्हा काटा ११.५ वर आला आणि तिथेच राहिला. शेजारी बसलेल्या पत्नीला काही कळलेही नाही.