शोलेच्या दोन एलपी (जुन्या मोठ्या रेकॉर्ड) घेतल्या, त्यातली डायलॉगवाली ऐकाच राव

बुधवारच्या बाजारात नाशिकच्या गोदाघाटावर गेलो होतो मेथी आणायला आणि घरी आलो शोलेच्या दोन एलपी घेऊन, मेथी राहिलीच. एक गाण्यांची, एक डायलॉगची. जुन्या वस्तूवाले मामा दोन्हीचे नऊशे म्हणत होते, मी सहाशे म्हणालो, साडेसातशेला तुटलं. कव्हरचा कोपरा उंदराने खाल्लेला पण तबकडी उन्हात तिरकी धरून बघितली तर बरी वाटली, म्हटलं घेऊन टाकू.

गाण्यांच्या रेकॉर्डबद्दल मी काय वेगळं सांगणार, ये दोस्ती आणि होली के दिन सगळ्यांना पाठ आहेत, मेहबूबा संगीतकार पंचमदांनी, म्हणजे आर. डी. बर्मननी, स्वतः गायलंय (चाल ग्रीक गायक डेमिस रूसोसच्या गाण्यावरून उचलली ते सोडा, गायलंय मात्र जीव तोडून). अल्बमवर मला खरं आवडतं ते टायटल म्युझिक, स्टेशनवरून घोड्यावर रामगढला जाताना वाजतं ते, गिटार, मग ते हॉर्न, आणि पुढे आपले देशी ठेके. आणि ती चाँद सा कोई चेहरा कव्वाली, किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि चक्क गीतकार आनंद बक्षी स्वतः गायलेत, पण सिनेमा लांबतोय म्हणून पडद्यावर आलीच नाही.

पण शोलेचं म्युझिक म्हणजे फक्त गाणी नाहीत ना भाऊ. जया एकेक दिवा मालवत जाते आणि समोर अमिताभ पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो, ते वाजवलंय भानू गुप्तांनी. बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तिथला तबला पंडित सामता प्रसाद यांचा, घोड्याच्या टापा कुठल्या आणि तबला कुठला कळत नाही. हे माझ्या दोन्ही रेकॉर्डवर वेगळं असं कुठेच नाही!! ज्यांनी काढायला पाहिजे होतं त्यांनी गाणी विकली आणि विषय संपवला.

म्हणून डायलॉगची एलपी. पॉलिडॉर कंपनीने गाण्यांची रेकॉर्ड आधी काढली होती, १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा लागला, सुरुवातीला थंडच होता म्हणतात, मग लोक थेटरातून डायलॉग म्हणत बाहेर पडायला लागले तेव्हा यांना सुचलं की डायलॉगच विका की. पप्पा सांगतात पंचवटीत गणपतीच्या मंडपात गाणी बंद करून हीच लावायचे आणि पोरं गब्बरच्या आधी वाक्य म्हणायची. मला वाटायचं घरी बसून नुसते डायलॉग कोण ऐकेल, सगळं तर पाठ आहे. पण तिथेच गंमत आहे, पाठ असल्यामुळे शब्दांकडे लक्षच जात नाही, समोर चित्रही नाही, मग कान आपोआप मागच्या आवाजांकडे जातात. गब्बर येतो तेव्हा आधी दगडावर बूट, पट्ट्याचं घासणं, आणि मग तो आवाज सरपटत येतो, चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) आहे तो, बासू चक्रवर्तींचा, ऐकताना वाटतं कोणीतरी लोखंडी पलंग फरशीवरून हळूहळू ओढतंय. आणि मग शांतता. पंचमदा कुठे गप्प बसतात ते मला या रेकॉर्डवर पहिल्यांदा कळलं, सिनेमा किमान पंधरा वेळा बघून कळलं नव्हतं. त्या वर्षी म्युझिकचं फिल्मफेअर ज्यूली सिनेमाला गेलं, शोलेला सगळं मिळून एकच मिळालं, एडिटिंगचं, आपल्या एम. एस. शिंदेंना. असो.

आता रडगाणं. उन्हात बरी दिसलेली तबकडी ऐन मोक्याला अडकते. कितने आदमी थे, सरदार दो आदमी, दो आदमी, दो आदमी, दो आदमी... मी सुई उचलायला उठेपर्यंत स्वयंपाकघरातून आई ओरडली, अरे किती आदमी ते एकदाचं सांग त्याला. मऊ कापड जरा ओलं करून पुसली, सुईवर एक रुपयाचं नाणं ठेवून बघितलं (करू नका, रेकॉर्ड कापली जाते, मला नंतर एकाने झापलं), तरी दोन आदमी काही हलले नाहीत. ऑनलाइन नवीन सुई मागवली ती दुसऱ्याच प्लेअरची आली, परत पाठवलीये, पैसे अजून आले नाहीत.

तरी पाचपैकी साडेचार, अर्धा त्या अडकण्यासाठी कापला. घेणार असाल तर तिथेच वाजवून दाखव म्हणा, मामांकडे प्लेअर आहे पण न मागता लावत नाहीत. मी पुढच्या बुधवारी परत जाणारे, दुसरी चांगली कॉपी आहे म्हणालेत, फक्त आता तिचे एकटीचेच आठशे सांगतायत. मेथीही आणायचीये.