एक प्रत, नऊ वाचक, आठ महिने: ‘द नेमसेक’ फिरवून वाचल्यावर

झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ची (२००३) एकच पेपरबॅक प्रत पुण्यात कोथरूड ते कॅम्प अशी नऊ जणांत फिरली. प्रत्येकी १५ दिवस धरले तर साडेचार महिन्यांत फेरी संपायला हवी होती. लागले आठ. त्यात दोष कादंबरीचा कमी, ‘या रविवारी नक्की देतो’चा जास्त.

फिरवून वाचायला हे पुस्तक चांगलं आहे का? आहे, विशेषतः मराठी घरांत. ऑगस्ट १९६८, मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज. दिवस भरत आलेली बंगाली अशिमा राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि लाल कांदा कालवून त्यात मीठ, लिंबू, मिरची घालते आणि मोहरीचं तेल नाही म्हणून हळहळते. भेळ खाणाऱ्याला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. ती नवऱ्याचं नाव घेत नाही, त्या जागी पुस्तकासोबत शेरे लिहायला दिलेल्या वहीत नऊपैकी सहा जणांनी उखाण्याचा उल्लेख केलाय.

हीच जवळीक एका ठिकाणी फसवते. बंगाल्यांत डाकनाम घरात हाक मारायचं आणि भालोनाम कागदोपत्री लावायचं. आपल्याकडचे वाचक डाकनामाला चटकन ‘पाळण्यातलं नाव’ म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. पाळण्यातलं नाव बारशाला चारचौघांत ठेवलं जातं आणि पुष्कळदा तेच दाखल्यावर जातं. डाकनाम म्हणजे आपलं बाळ्या, छकुली. ते कागदावर यायचंच नाही. कादंबरीत नेमकं ते येतं. अशिमाच्या आजीनं नाव लिहून धाडलेलं पत्र टपालात हरवतं, जन्मदाखल्यावर नाव घातल्याशिवाय इस्पितळ बाळाला घरी सोडत नाही, आणि तात्पुरतं म्हणून लावलेलं ‘गोगोल’ चिकटतं. बाळ्या हे नाव शाळेच्या हजेरीपटावर चढलं तर काय होईल, असा विचार करून वाचलं की मुलाची चिडचिड कळते. नाही तर ‘एवढं काय त्या नावात’ हा शेरा वहीत हमखास उमटतो. आमच्या वहीत दोनदा उमटला.

त्यामुळे पुढच्या फेरीसाठी एक सूचना: ज्याच्यावरून मुलाला हे नाव मिळालं त्या रशियन लेखक निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा कादंबरीआधी वाचून घ्या. १८४२ची आहे, एका बैठकीत संपते, जुना इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट मिळतो. छापून पुस्तकासोबत ठेवलेला बरा. अशिमाचा नवरा अशोक तरुणपणी ज्या रेल्वे अपघातातून वाचतो, त्या रात्री त्याच्या हातात हीच कथा असते. पण तिची गरज आणखी एका कारणासाठी आहे. तिच्या नायकासाठी आईला पंचांगातलं एकही नाव पसंत पडत नाही, म्हणून बापाचंच नाव पोराला दिलं जातं: अकाकी अकाकियेविच, म्हणजे अकाकीचा मुलगा अकाकी. मधे बापाचं नाव लावणाऱ्या आपल्या लोकांना तर यातली गंमत लगेच कळावी.

आता कुरकुर. सगळी कादंबरी वर्तमानकाळात आहे. पहिली पाच प्रकरणं तो काळ अंगावर येत नाही. सहाव्यापासून न्यू यॉर्क, तिथली घरं, जेवणं, वाइन यांच्या याद्या सुरू होतात आणि वेग मंदावतो. आमची प्रत सर्वांत जास्त दिवस पडून राहिली ती इथेच. दहावं प्रकरण गोगोलची बायको मौशुमी हिच्या नजरेतून आहे. रेटून वाचणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही आणि मग तिच्यावर सरसकट राग निघतो. बारा प्रकरणांचे १ ते ५, ६ व ७, आणि ८ ते १२ असे तुकडे पाडा. सातवं सगळ्यांचं वाचून होईपर्यंत त्यात काय घडतं याबद्दल अवाक्षर नको. मीरा नायर यांचा चित्रपटही शेवटीच बघा. त्यात बॉस्टनकडचं घर न्यू यॉर्कला हललंय, आधी पाहिला तर भूगोलाचा गोंधळ होतो.

समासात लिहायचं नाही, सोबत १०० पानी वही द्यायची. त्यात पान क्रमांक नको, प्रकरण आणि प्रसंग लिहा. किंडलवाल्यांची आणि वेगळ्या आवृत्तीची पानं जुळत नाहीत.

प्रतीचं म्हणाल तर बांधणी नुसत्या गोंदाची, शिवण नाही. पुस्तक पालथं ठेवलं, की पाठ मधोमध तडकते आणि तिथून पानं सुटतात. सेलोटेप लावू नका, पिवळी पडून कागद खाते. सुटलेल्या पानाच्या कडेला टूथपिकनं फेविकॉलची बारीक रेघ द्या, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. फेविकॉल जास्त झाला तर शेजारची पानंही चिकटतात. आमची दोन अशीच गेली. अप्पा बळवंत चौकातून जाड प्लास्टिकचं कव्हर आणून घातलं, पण पावसाळ्यात दमट पुस्तकावर ते चढवल्यामुळे आतून बुरशीचे ठिपके आले. आधी दोन दिवस पंख्याखाली उभं करून वाळवायला हवं होतं. स्कूटरच्या डिकीतून देवघेव अजिबात नको: उन्हाळ्यात गोंद मऊ पडतो, पावसात पाणी शिरतं, आणि पेट्रोलचा वास महिनाभर जात नाही.

दुसरी फेरी ऑक्टोबरात, दोन प्रतींनी आणि प्रत्येकी तीन आठवडे देऊन.