प्रशिक्षक बदलावा की खेळाडू? एनबीएतील काही निर्णयांचा तुलनात्मक आढावा

३ जून २०२५ रोजी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील न्यूयॉर्क निक्सने आपले प्रशिक्षक टॉम थिबोडो यांना पदावरून दूर केले. नुकत्याच संपलेल्या हंगामात त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संघाने साखळीतील ५१ सामने जिंकले होते, गतविजेत्या बॉस्टनला प्ले-ऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, गारद केले होते आणि २००० नंतर प्रथमच ईस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पूर्व विभागाच्या) अंतिम फेरीपर्यंत मजल मारली होती. साहजिकच चाहत्यांत दोन तट पडले. इतक्या वर्षांनी संघाला या उंचीवर नेणाऱ्या माणसाला काढणे हा अविचार आहे, उणीव खेळाडूंच्या ताफ्यात आहे, असे एका गटाचे म्हणणे होते. दुसरा गट म्हणत होता की ताफा पुरेसा सशक्त आहे आणि तो वापरण्याची पद्धतच संघाला पुढे जाऊ देत नाही. आपल्या संघाबाबत कोणती बाजू घ्यावी हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी या दोन मार्गांची प्रत्यक्ष उदाहरणांवरून तुलना करणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आधी एक व्यावहारिक बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण चाहत्यांच्या चर्चेत ती बहुधा निसटते. प्रशिक्षकाचे मानधन संघाच्या एकूण वेतनखर्चावर लीगने घातलेल्या वेतनमर्यादेत धरले जात नाही, खेळाडूंचे मात्र धरले जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ही मर्यादा सुमारे १५.४६ कोटी डॉलर होती आणि तिच्या वर ‘दुसरा एप्रन’ म्हणून ओळखली जाणारी रेषा सुमारे २०.७८ कोटी डॉलरवर होती. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२३ च्या करारापासून ही दुसरी रेषा ओलांडणाऱ्या संघाला दोन-तीन खेळाडूंची वेतने एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेता येत नाही आणि नवे खेळाडू करारबद्ध करण्याच्या बहुतेक सवलतीही त्याला मिळत नाहीत. त्यामुळे महागड्या संघापुढे ताफा बदलण्याचे मार्ग जवळजवळ बंद असतात आणि प्रशिक्षक बदलण्याचा मार्ग मात्र कायम खुला असतो. मार्ग खुला आहे एवढ्याच कारणाने तो पत्करला जातो तेव्हा त्या निर्णयाकडे संशयाने पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ प्रशिक्षक बदलून संघाचे रूप पालटल्याचे सर्वांत ठळक उदाहरण गोल्डन स्टेट वॉरियर्सचे आहे. २०१३-१४ मध्ये मार्क जॅक्सन यांच्या हाताखाली या संघाने ५१ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत क्लिपर्सकडून सात सामन्यांच्या लढतीत तो पराभूत झाला. जॅक्सन यांना हटवून स्टीव्ह कर यांची नेमणूक झाली, आणि विशेष म्हणजे याआधी त्यांनी कोणत्याही संघाचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवले नव्हते. ताफ्यात शॉन लिव्हिंगस्टनसारखी मोजकी भर पडली. क्ले थॉम्पसनला देऊन केव्हिन लव्हला घेण्याचा बहुचर्चित व्यवहार संघाने नाकारला. पुढच्या हंगामात ६७ विजय आणि विजेतेपद मिळाले.

हे कसे घडले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. जॅक्सन यांच्या काळातच हा संघ बचावात लीगमधील पहिल्या पाचांत होता, तेव्हा पाया त्यांनीच घातला होता हे मान्य केले पाहिजे. दोष आक्रमणात होता: स्टेफन करीसारखा नेमबाज असूनही प्रत्येक सामन्यातील पासच्या संख्येत संघ लीगमध्ये अगदी शेवटच्या क्रमांकावर होता. कर यांनी चेंडू फिरता ठेवला आणि त्याचबरोबर, तोवरच्या कारकिर्दीतील प्रत्येक सामना सुरुवातीपासून खेळलेल्या आंद्रे इग्वोडालाला राखीव फळीत बसवले. डेव्हिड ली जखमी झाल्यावर ड्रेमंड ग्रीनला मिळालेली जागा लीच्या पुनरागमनानंतरही ग्रीनकडेच राहिली. क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम लढतीत संघ २-१ असा मागे पडला, तेव्हा चौथ्या सामन्यात अँड्र्यू बोगटऐवजी त्याच इग्वोडालाला सुरुवातीला उतरवण्यात आले, तिथून पुढचे तिन्ही सामने संघाने जिंकले आणि अंतिम लढतीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वोडालाला मिळाला. यांतले एकही पाऊल नव्या खेळाडूच्या खरेदीवर अवलंबून नव्हते.

याच्या अगदी उलट उदाहरण २००७ च्या बॉस्टन सेल्टिक्सचे आहे. २००६-०७ मध्ये संघाला केवळ २४ सामने जिंकता आले, सलग १८ सामने गमावण्याची नामुष्की ओढवली आणि डॉक रिव्हर्स यांना हटवा, अशी मागणी चाहते करू लागले. व्यवस्थापक डॅनी एंज यांनी रिव्हर्स यांना कायम ठेवले. सिएटलकडून रे ॲलन आला. पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क (नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क) देऊन मिनेसोटाकडून केव्हिन गार्नेट आला. पुढच्या हंगामात त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली ६६ विजय आणि विजेतेपद मिळाले. एका हंगामातील ४२ विजयांची ही वाढ तोवरच्या इतिहासात सर्वांत मोठी होती. रिव्हर्स यांना हटवण्याची मागणी मान्य झाली असती, तर गार्नेटच्या आगमनाचे सारे श्रेय नव्या प्रशिक्षकाला गेले असते, ही शक्यता प्रत्येक चाहत्याने ध्यानात ठेवावी. अर्थात त्या उन्हाळ्यात प्रशिक्षकवर्गात एक महत्त्वाची भर पडली होती. बचावाची आखणी करण्यासाठी आलेले ते सहायक म्हणजे टॉम थिबोडो.

या दोन उदाहरणांतला फरक यशाच्या प्रमाणात नाही, सुरुवातीच्या स्थितीत आहे. वॉरियर्सकडे क्षमता होती आणि ती वापरली जात नव्हती. सेल्टिक्सकडे आपला प्रमुख खेळाडू पॉल पियर्स याच्या तोडीचा दुसरा खेळाडूच नव्हता. माझ्या मते निर्णयाचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निकष हाच आहे. आपला संघ हरला तो जवळ असलेले न वापरल्यामुळे की जवळ नसल्यामुळे, याचे प्रामाणिक उत्तर मिळाल्याखेरीज प्रशिक्षकाविषयी मत बनवू नये.

परंतु हे उत्तर दिसते तितके सरळ मिळत नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यातील एक जोडी त्याचा उत्तम पुरावा आहे. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने ४८ विजयांच्या हंगामानंतर जे. बी. बिकरस्टाफ यांना काढले, केनी ॲटकिन्सन यांना आणले आणि डोनोव्हन मिचेल, डॅरियस गार्लंड, इव्हान मोब्ली व जॅरेट ॲलन हा गाभा तसाच ठेवला. मोब्लीच्या हाती अधिक वेळा चेंडू देण्यात आला, तो दुरून अधिक फेका करू लागला आणि आक्रमणात संघ लीगमध्ये अग्रस्थानी पोहोचला. पहिले १५ सामने सलग जिंकून संघाने हंगामात ६४ विजय नोंदवले आणि ॲटकिन्सन सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. येथपर्यंत वाचून बिकरस्टाफ हेच अडथळा होते असा निष्कर्ष कोणीही काढेल. पण तेच बिकरस्टाफ त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइट पिस्टन्सकडे गेले. आदल्या हंगामात त्या संघाने अवघे १४ सामने जिंकले होते आणि सलग २८ सामने गमावले होते. बिकरस्टाफ यांच्या पहिल्याच हंगामात डेट्रॉइटचे ४४ विजय झाले.

म्हणजे एका संघाने ज्यांना काढून १६ विजय अधिक मिळवले, त्यांनाच नेमून दुसऱ्या संघाने ३० विजय अधिक मिळवले. डेट्रॉइटमध्ये ताफ्यातही बदल झाला होता हे येथे विसरता येणार नाही. टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली हे अनुभवी खेळाडू आले. बीझलीने हंगामात तीन गुणांच्या ३१९ फेका यशस्वी केल्या आणि केड कनिंगहॅमला बास्केटकडे घुसण्यासाठी मोकळी जागा मिळाली. त्याआधीचे प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स काही सामान्य नव्हते. त्यांनी फिनिक्सला २०२१ मध्ये अंतिम लढतीपर्यंत नेले होते आणि डेट्रॉइटने त्यांच्याशी सहा वर्षांचा, ७.८५ कोटी डॉलरचा करार केला होता. नेमबाज नसलेल्या ताफ्यासमोर तो करार एका हंगामात निरर्थक ठरला. प्रशिक्षक चांगला की वाईट असा प्रश्न सुटा विचारण्यात अर्थ नाही. या खेळाडूंसाठी, या टप्प्यावर तो योग्य आहे का, असा तो विचारावा लागतो.

क्लीव्हलँडच्या कथेला आणखी एक बाजू आहे. ६४ विजयांनंतर प्ले-ऑफच्या दुसऱ्या फेरीत इंडियानाने त्यांना ४-१ असे हरवले, आणि आदल्या वर्षीही संघ त्याच फेरीत त्याच फरकाने हरला होता. त्या मालिकेत गार्लंडसह काही प्रमुख खेळाडू जखमी होते, त्यामुळे दोष सरसकट ॲटकिन्सन यांच्या माथी मारणे योग्य नव्हे. तरीही नव्या प्रशिक्षकाचा परिणाम साखळी सामन्यांत लवकर दिसतो आणि प्ले-ऑफमध्ये एकच प्रतिस्पर्धी सलग समोर असताना ताफ्यातील उणीव उघडी पडते, हा क्रम मला वारंवार दिसत आला आहे.

दोन्ही बदल एकाच वेळी करावेत का? टोरोंटो रॅप्टर्सने २०१८ मध्ये तसे केले. ५९ विजय मिळवूनही सलग तिसऱ्या वर्षी क्लीव्हलँडकडून बाद झाल्यावर ड्वेन केसी यांना काढण्यात आले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्या हंगामातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार केसी यांनाच मिळाला. निक नर्स प्रशिक्षक झाले, चाहत्यांच्या गळ्यातील ताईत असलेला डीमार डीरोझन सॅन अँटोनिओला गेला आणि त्या बदल्यात क्वाय लेनर्ड व डॅनी ग्रीन आले. पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळाले. मिल्वॉकी बक्सने २०२३ मध्ये वरवर पाहता हेच केले. माइक बुडेनहोल्झर यांच्या जागी एड्रियन ग्रिफिन आले आणि हंगाम तोंडावर असताना जरू हॉलिडेला देऊन डेमियन लिलार्डला आणण्यात आले. ग्रिफिन यांना ३० विजय व १३ पराभव अशी कामगिरी असताना जानेवारीत काढले गेले, डॉक रिव्हर्स आले आणि संघ पहिल्याच फेरीत इंडियानाकडून बाद झाला. यानिस आंटेटोकुंपो त्या फेरीत दुखापतीमुळे खेळू शकला नाही, हे खरे. पण त्याआधीच बचाव ढासळला होता. हॉलिडे दरम्यान बॉस्टनला पोहोचला आणि त्याच हंगामात विजेता ठरला.

टोरोंटोत जे जमले ते मिल्वॉकीत का जमले नाही, याचे माझे उत्तर असे की नर्स २०१३ पासून टोरोंटोमध्येच सहायक होते. खेळाडूंची ओळख, सरावाची घडी आणि ड्रेसिंग रूममधला विश्वास यांपैकी काहीही नव्याने उभे करायचे नव्हते. मिल्वॉकीत प्रशिक्षकही पदाला नवा होता आणि आक्रमणाचा प्रमुख सूत्रधारही नवा होता. शिवाय टोरोंटोला बचाव आणि आक्रमण दोन्हींत अव्वल असलेला खेळाडू मिळाला, तर मिल्वॉकीने आक्रमणासाठी आपला सर्वोत्तम बचावपटू दिला.

२०२५ च्या अंतिम लढतीतील दोन्ही संघांचा विचार केल्याशिवाय ही तुलना पुरी होणार नाही. ओक्लाहोमा सिटीने मार्क डेग्नो यांना २२ आणि २४ विजयांच्या हंगामांतही पदावर ठेवले. इंडियानाने रिक कार्लाइल यांना २५ विजयांच्या हंगामानंतरही ठेवले. इंडियानाने टायरीस हॅलिबर्टन आणि पास्कल सियाकम यांना व्यवहार करून आणले. ओक्लाहोमाने २०२४ मध्ये ॲलेक्स करूसो आणि आयझाया हार्टनस्टाइन यांना मिळवले. यांपैकी हार्टनस्टाइन निक्स सोडूनच तिकडे गेला होता. मोठ्या शहरातील अधीर मालक इतका संयम दाखवू शकत नाहीत, हे मला मान्य आहे. तरी विजेता आणि उपविजेता दोघेही प्रशिक्षक टिकवून ताफा घडवणारे होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

आता निक्सला हाच निकष लावून पाहू. ब्रन्सन, ब्रिजेस, हार्ट, अनुनोबी आणि टाउन्स हे पाचजण २०२४-२५ मध्ये लीगमधील इतर कोणत्याही पंचकापेक्षा अधिक मिनिटे एकत्र खेळले आणि राखीव खेळाडूंना फारच थोडा वाव मिळाला. इंडियानाविरुद्ध पहिले दोन सामने गमावल्यावरच हार्टऐवजी मिचेल रॉबिन्सनला सुरुवातीला उतरवले गेले आणि तो तिसरा सामना संघाने जिंकला. हा बदल आधी करता आला असता, असे म्हणणाऱ्या चाहत्यांची बाजू मला पटते. जवळचे न वापरल्याचा हा नमुना आहे. मात्र ब्रन्सन आणि टाउन्स या दोघांना एकाच पिक-अँड-रोलमध्ये (सहकाऱ्याच्या आडोशाने मोकळे होण्याच्या चालीत) ओढून प्रतिस्पर्धी सहज गुण मिळवतात, हा दोष कोणत्याही प्रशिक्षकाच्या फळ्यावर पुसला जाणारा नाही. ब्रिजेससाठी पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क आधीच दिले गेले होते आणि वेतनाचा आकडा दुसऱ्या एप्रनला भिडला होता, त्यामुळे जॉर्डन क्लार्कसन आणि गेर्शॉन याबुसेले यांच्या रूपाने राखीव फळीत भर घालण्यापलीकडे फारसे शक्य नव्हते.

वॉरियर्समध्ये कर यांचे सहायक राहिलेले आणि दोनदा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेले माइक ब्राउन यांची थिबोडो यांच्या जागी झालेली निवड त्यामुळे अर्ध्या प्रश्नाचे योग्य उत्तर आहे, असे मी मानतो. ज्यांना या निवडीचे मोल ठरवायचे आहे त्यांनी विजयांच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात: राखीव खेळाडूंना चौथ्या सत्रातही संधी मिळते का, आणि प्ले-ऑफमध्ये ब्रन्सन-टाउन्स जोडीवर हल्ला होतो तेव्हा त्या दोघांपैकी एकाला बाहेर बसवण्याचे धैर्य प्रशिक्षक दाखवतो का. पहिल्या गोष्टीसाठी ब्राउन यांना जबाबदार धरता येईल. दुसरी वारंवार करावी लागली, तर तो प्रश्न ताफा उभारणाऱ्या व्यवस्थापनाला विचारावा लागेल.