पासकोडचा इशारा: कानात बीप की बोटाला कंप?

मागे उभ्या असलेल्याला पासकोड दिसू नये म्हणून आकडे पडद्यावर आणायचेच नाहीत, इथवर पटलं असेल तर पुढचा प्रश्न उरतो: इशारा कानाला द्यायचा की बोटाला? माझ्या अ‍ॅपच्या लॉकसाठी मी दोन्ही करून पाहिलं.

रचना एकच ठेवली, आंद्रेआ बिआंकी, इयन ओकली आणि डाँग-सू क्वॉन या संशोधकांच्या २०११ च्या 'स्पिनलॉक' या पासकोड पद्धतीची. पडद्यावरची तिजोरीसारखी चकती बोटाने फिरवत ठोके, म्हणजे बीप किंवा कंप, मोजायचे; आकड्याइतके झाले की पुढच्या आकड्यासाठी उलटं वळायचं. ठोक्यांमधलं अंतर दर वेळी बदलतं, त्यामुळे बोट किती फिरलं हे कॅमेऱ्यात टिपूनही आकडा हाती लागत नाही.

वेगात बीप सरस, हे मान्य. कान भराभर मोजतो. कंप एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये जास्त जागा सोडावी लागते.

पण बीप म्हटली की इअरफोन आलाच, स्पीकरवर वाजवली तर लपवलं काय? आणि ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो. गाणं ऐकताना ते कळतही नाही, व्हिडिओत अ‍ॅप चित्रच तेवढं मागे ठेवतं. इथे मात्र बोट पुढे निघून गेल्यावर बीप येते. चौथी ऐकून थांबावं, तोवर फोनने पाचवी मोजलेली असते. पुन्हा पहिल्यापासून! हळू फिरवलं की जमतं, पण मग बीपचा वेग राहिला कुठे? तारेच्या इअरफोनला हा त्रास नाही, पण फोन दिवसातून कितीदा उघडतो आपण! दर वेळी तार शोधणं मला तरी झेपलं नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कंपही निर्दोष नाही. टेबलावर ठेवलेला फोन घुरघुरतो आणि शांत खोलीत शेजारच्यालाही ठोके मोजता येतात, तेव्हा फोन हातातच हवा. हादरणाऱ्या गाडीत एखादा ठोका निसटतो. मोटर फिरत्या वजनाची, जुन्या धाटणीची असेल तर ठोके लांबट येतात. वजन सरळ रेषेत मागे-पुढे हलवणाऱ्या लिनियर मोटरचे सुटे आणि नेमके लागतात.

पडद्यावरचं वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडरमुळे ज्यांच्या कानात तारेचा इअरफोन असतोच, त्यांना कदाचित बीपच सोयीची पडेल. इतरांनी आधी कंप वापरून पाहावा, असं मला वाटतं.